ऊन पाण्याचा हिशेब

दिवाळी जवळ आली कीं आमच्या खानदेशांत शेतांमध्यें कापसाची वेचणी सुरू होते आणि घराघरांत स्नानाच्या ऊन पाण्याचा विषय निघतो. उन्हाळ्यांत आम्हां पाचोरेकरांना या विषयाची गरज नसते. वैशाखांत गच्चीवरील टाकीचें पाणी दुपारीं अंगावर घेववत नाहीं. परंतु मार्गशीर्ष-पौषांत पहाटेचें उष्णमान कधीं कधीं दहा अंशांच्याहि खालीं उतरतें, आणि त्या वेळीं घरांतील वृद्ध, लहान मुलें व पहाटे उठून कामास लागणाऱ्या स्त्रिया यांना ऊन पाणी ही चैन नसून आवश्यकता असते. यंदां या विषयावर लिहिण्यास दोन प्रश्न कारण झाले. गांवांतील एका गृहस्थांनीं विचारलें, "गुरुजी, घरांत दहा माणसें आहेत. जुना बंब आतां काढावयाचा आहे. कोणता गीझर घ्यावा?" त्याच सुमारास इंग्लंडांत बिऱ्हाड केलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें लिहिलें कीं, घर उबदार ठेवणारा बॉयलर बदलावयाचा आहे, दुकानदार 'कंडेन्सिंग' जातीचा घ्या म्हणतो, त्यांत विशेष तें काय? हे दोन प्रश्न वरवर भिन्न दिसले तरी त्यांचें उत्तर बव्हंशीं एकच आहे, म्हणून दोहोंचा विचार आम्ही एकत्र करीत आहों.

बॉयलर म्हटला कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें आगगाडीचें इंजिन येतें. पाचोरा-जामनेर या अरुंद मार्गावर एके काळीं वाफेचीं इंजिनें धांवत, तीं ज्यांनीं पाहिलीं त्यांना बॉयलर म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. परंतु त्याहून जवळचें उदाहरण आपल्या न्हाणीघरांतच होतें. तांब्याचा बंब हा एक लहानसा बॉयलरच होय. मध्यभागीं उभी नळी, तींत खालीं विस्तव, भोंवतीं पाणी, आणि वर धुराडें. त्यांत कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, जें असेल तें जळे. तांबें उष्णता झटकन् पाण्यास देतें हें खरें. तथापि धुराड्याच्या तोंडाजवळ हात नेला असतां चटका बसे, यावरून सरपणाची किती उष्णता आकाशास अर्पण होत होती हें कोणासहि कळण्यासारखें होतें. विलायतेंतील जुन्या बॉयलरांची कथा याहून फार निराळी नव्हती. त्यांच्याहि धुराड्यांतून शंभर भागांपैकीं पंचवीस-तीस भाग उष्णता निघून जाई.

आतां कंडेन्सिंग बॉयलरांत विशेष काय, तें पाहूं. गॅस जळला म्हणजे त्यांतील उद्जन व हवेंतील प्राणवायु यांचा संयोग होऊन पाणी तयार होतें. तें वाफेच्या रूपानें धुरांत मिसळलेलें असतें. अठराव्या शतकांत ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनीं दाखविलें कीं, पाण्याची वाफ होतांना उष्णमान न वाढतां पुष्कळ उष्णता शोषिली जाते, आणि वाफेचें पुन्हां पाणी होतांना तितकीच उष्णता परत मिळते. हीच ती गुप्त उष्णता. एक किलो वाफेचें पाणी झालें कीं सुमारें ५४० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पांच किलोंहून अधिक थंडगार पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता. जुना बॉयलर ही ठेव वाफेबरोबर धुराड्यांतून घालवी. नवा बॉयलर धूर बाहेर सोडण्यापूर्वीं त्याला थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरवितो, वाफेचें पाणी करतो, आणि ही उष्णता पदरांत पाडून घेतो. त्याचा धूर इतका निवालेला असतो कीं त्याचें धुराडें प्लॅस्टिकच्या नळीचें असलें तरी चालतें. अशा यंत्रांत शंभरांपैकीं नव्वदांच्या आसपास भाग कामीं लागतात. इंग्लंड व वेल्स येथें १ एप्रिल २००५ पासून गॅसचा नवा बॉयलर बसवावयाचा तर, कांहीं अपवाद सोडून, तो याच जातीचा असला पाहिजे असा नियम झाला.

परंतु यांत एक मेख आहे, आणि आमच्या लेखाचा सारा भर तिच्यावरच आहे. धुरांतील वाफेचें पाणी केव्हां होईल? तो धूर सुमारें ५५ अंशांच्या खालीं निवेल तेव्हां. त्याला निवविणारें पाणी म्हणजे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून फिरून परत येणारें पाणी होय. घरमालकानें बॉयलरची कळ ऐंशी अंशांवर फिरवून ठेवली तर परत येणारें पाणीच साठ-पासष्ट अंशांचें असतें. मग वाफ निवत नाहीं, गुप्त उष्णता हातीं लागत नाहीं, आणि महागडें यंत्र बऱ्याच अंशीं जुन्यासारखेंच वागूं लागतें. खोक्यावर छापलेला आंकडा खोटा नसतो. तो एका विशिष्ट रीतीनें वापरलेल्या यंत्राचा असतो, इतकेंच. म्हणून आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं लिहिलें तें असें : हा बॉयलर जरूर घ्यावा, परंतु घराच्या मानानें फार मोठा घेऊं नये, कारण मोठा बॉयलर क्षणांत पेटतो, क्षणांत विझतो, आणि त्या उघडझापींत गॅस खातो. आधीं छपराखालीं व दारां-खिडक्यांच्या फटींतून जाणारी ऊब थांबवावी. कडाक्याचे मोजके दिवस सोडून पाण्याची कळ पंचावन्न-साठांवर ठेवावी. धुरांतून गळणारें पाणी किंचित् आंबट असतें, तें प्लॅस्टिकच्या नळीनेंच मोरींत सोडावें; ती नळी घराबाहेरून नेली तर गारठ्यांत गोठते आणि ऐन थंडींत बॉयलर बंद पडतो, सबब होईल तितकी घरांतूनच न्यावी.

हाच न्याय आतां पाचोऱ्यास लावूं. कोणी म्हणेल, एवढें उत्तम यंत्र आहे तर आपणहि तेंच कां घेऊं नये? याचें उत्तर हिशेबानें द्यावें. वाचकांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. दहा माणसें, प्रत्येकास एक मोठी बादली, म्हणजे वीस लिटर ऊन पाणी. एकूण २०० लिटर. हिवाळ्यांत नळाचें पाणी वीस अंशांचें धरलें व स्नानास बेचाळीस अंशांचें लागतें असें मानलें, तर पाणी बावीस अंशांनीं तापवावयाचें. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. म्हणून रोजची गरज ४,४०० किलोकॅलरी. विजेचें एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे पांच युनिटांहून किंचित् अधिक, व टाकीची झीज धरून साडेपांच. चार महिन्यांच्या हिवाळ्यांत साडेसहाशेंहून अधिक युनिटें झालीं. हेंच काम गॅसनें केलें तर, शंभरांतील ऐंशी भाग उष्णता पाण्यास मिळते असें धरून, रोज सुमारें अर्धा किलो गॅस जळेल, म्हणजे १४.२ किलोंचें एक सिलिंडर चार आठवडे पुरेल. आपापल्या बिलावरील दर घालून पुढील गुणाकार ज्यानें त्यानें करावा. आतां या अर्ध्या किलोंतून कंडेन्सिंग युक्तीनें दहावा भाग वांचविला, तरी रोजचे पन्नास ग्रॅम गॅस वांचले! विलायतेंत सहा-सहा महिने सारें घर तापवावें लागतें, तेथें दहावा भाग म्हणजे मोठी रक्कम. आपल्याकडे त्याच भागासाठीं महागडें यंत्र घेणें म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीस बारा आण्यांचा मसाला होय. बचत ही यंत्राच्या गुणाबरोबर आपल्या गरजेच्या प्रमाणांतहि असते.

बाजारांत विजेचा साठवणीचा गीझर सर्वांत परिचित. त्यावर ताऱ्यांची पट्टी असते. ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ सालीं झाला, त्यानुसार २००२ सालीं ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, आणि ही पट्टी त्याच्याच योजनेंतील होय. परंतु हे तारे काय मोजतात हें फार थोड्यांस ठाऊक असतें. विजेची कांब पाण्यांतच बुडालेली असल्यामुळें बहुतेक सर्व उष्णता पाण्यासच मिळते. त्या बाबतींत सारे गीझर जवळजवळ सारखेच. तारे मोजतात तें तापलेलें पाणी टाकींत नुसतें उभें असतांना चोवीस तासांत किती उष्णता गळते तें. याचा अर्थ उघड आहे. जें कुटुंब कळ दिवसभर चालू ठेवतें त्याला पांच ताऱ्यांचा गीझर मोठा लाभ देईल. जें कुटुंब अर्धा-पाऊण तास आधीं कळ लावून स्नानें उरकतें व बंद करतें, त्याला तीन व पांच ताऱ्यांतील भेद थोडाच जाणवेल. शिस्तीचें घर कमी ताऱ्यांच्या गीझरावरहि वीज वांचवितें, आणि बेशिस्त घर पांच ताऱ्यांचाहि पराभव करतें.

दुसरी गोष्ट आकाराची. २५ लिटरांची टाकी साठ अंशांपर्यंत तापविली व त्यांत थंड पाणी मिसळलें, तर बेचाळीस अंशांचें सुमारें पंचेचाळीस लिटर पाणी मिळतें. म्हणजे दोन स्नानें. दोन किलोवॅटची कांब असली तर ही टाकी पुन्हां तापण्यास पस्तीस मिनिटें लागतात. दहा माणसांच्या घरांत पांच वेळां टाकी भरावी लागेल व सकाळचे तीन तास जातील. मग कोणाची शाळा, कोणाची सातची गाडी, आणि न्हाणीघराच्या दाराशीं रोजचा कलह. अशा घरीं ५० लिटरांहून लहान टाकी कामाची नाहीं. पण याच्या उलट टोंकासहि जाऊं नये. नरक-चतुर्दशीस सूर्योदयापूर्वीं सर्वांचीं अभ्यंगस्नानें व्हावयाचीं, लेकी-जांवई आलेले, अशा त्या एका पहाटेच्या गरजेवरून कित्येकजण प्रचंड टाकी घेतात आणि उरलेले दिवस रिकामें पाणी तापवीत बसतात. त्या एका दिवसासाठीं चुलीवर एक मोठें पातेलें ठेवावें. यंत्र नित्याच्या दिवसाचें घ्यावें.

आमच्याकडील विंधन-विहिरींचें पाणी जड असतें. पातेल्याच्या बुडाशीं बसणारा पांढरा थर गीझराच्या कांबेवरहि बसतो, आणि कांब व पाणी यांच्यामध्यें जणुं गोधडी पसरते. वर्षांतून एकदां टाकी उघडवून थर काढवावा, व आंतील मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी. ती स्वतः झिजून टाकीस गंजापासून राखते. अर्थिंग तपासल्यावांचून विजेचें कोणतेंहि यंत्र न्हाणीघरांत येऊं देऊं नये. बादलींत सोडण्याची विजेची कांब स्वस्त खरी, परंतु बटण बंद करून ती बाहेर काढल्याशिवाय पाण्यांत बोटहि घालूं नये. लहान मुलें वावरतात त्या घरांत ती नसलेलीच बरी.

गॅसचा झटपट गीझर मिनिटास सहा लिटर पाणी देतो; दोनशें लिटर अर्ध्या-पाऊण तासांत मिळतें, रांग लागत नाहीं, वीज गेली तरी काम अडत नाहीं. म्हणून मोठ्या कुटुंबांस तो आवडतो. परंतु येथें आम्हांस काटकसरीची भाषा बाजूस ठेवावी लागते. असा गीझर तासास सुमारें एक किलो गॅस जाळतो, व तितक्या गॅसास सुमारें बारा घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत हवा असते साडेपांच घनमीटर. दार-खिडकी लावलेली असली तर ती हवा अर्धा तासहि पुरत नाहीं. आणि प्राणवायु कमी होऊं लागतांच गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूच्या दोनशेंपटींहून अधिक ओढीनें चिकटतो. माणसास प्रथम नुसतें जड वाटतें, डोकें दुखतें, झोंप आल्यासारखी होते, आणि दाराची कडी काढण्याची शुद्ध राहत नाहीं. दर हिवाळ्यांत वर्तमानपत्रांतून न्हाणीघरांत मृतावस्थेंत सांपडलेल्या तरुण माणसांच्या वार्ता येतात. त्यांतील प्रत्येक घरीं 'किती गॅस वांचतो' हा हिशेब झालाच असेल. हवेचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता.

सबब हा गीझर घ्यावयाचा तर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा आणि ऊन पाणी नळीनें आंत आणावें. बाहेर जागा नसेल तर गॅसचा गीझर घेऊंच नये. अन्य उपाय आहेत. थंडी वाजते म्हणून झरोक्यांत फडकें कोंबण्याची संवय तात्काळ मोडावी. कोणी आंत फार वेळ राहिलें व हांकेस ओ आली नाहीं, तर संकोच न करतां दार उघडावें, माणसास मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा व विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें.

राहिला सूर्य. पाचोऱ्याचें अक्षांश सुमारें वीस अंश चाळीस कला. पावसाळा सोडला तर ऊन कडक व आकाश निरभ्र. आपल्या शेजारच्या धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प २०१३ सालीं उभा राहिला, तो या प्रदेशांतील उन्हाच्या भरंवशावरच. गच्ची स्वतःची असेल तर दहा माणसांस २०० लिटरांचा सौर बंब पुरेसा होतो. चांगल्या उन्हाच्या दिवशीं पाणी साठ अंशांपर्यंत जातें, आणि टाकीचें वेष्टन चांगलें असलें तर कालच्या उन्हानें आजची पहाट निभावते. तोंड दक्षिणेस असावें, व हिवाळ्यांतील सूर्य खालून जातो म्हणून कल अक्षांशापेक्षां दहा-पंधरा अंशांनीं अधिक, म्हणजे तीस-पस्तीस अंशांचा द्यावा. जड पाण्यास तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पेटीपेक्षां कांचेच्या निर्वात नळ्या सोईच्या, कारण त्या लवकर बुजत नाहींत. यांतहि घराच्या रीतीचा प्रश्न आहेच. गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पन्नास फूट अर्धा इंची नळी असली तर तींत अडीच-तीन लिटर पाणी निवलेलें उभें असतें. स्नानें लागोपाठ झालीं तर हें नुकसान एकदांच. तासा-तासाच्या अंतरानें झालीं तर प्रत्येक वेळीं. तें पहिलें पाणी मोरींत न सोडतां धुण्यासाठीं बादलींत धरावें. सौर बंबास जोडून विजेची लहान कांब असावी, म्हणजे ढगाळ दिवसाची चिंता राहत नाहीं. ज्यांना गच्ची नाहीं व वापर मोठा आहे त्यांनीं हीट पंपाचीहि चौकशी करावी. तो बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून पाण्यास देतो, आणि एका युनिटांत सुमारें तीन युनिटांचें काम करतो. किंमत मात्र आरंभीं जड आहे.

पाणी किती ऊन असावें, याविषयींहि दोन शब्द. वाग्भटानें अष्टांगहृदयांतील दिनचर्येच्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, ऊन पाणी मानेखालच्या शरीरास बल देतें, परंतु तेंच मस्तकावर घेतलें तर केंसांस व डोळ्यांस अपाय करतें. कढत पाण्याचा हव्यास शरीराच्याहि हिताचा नव्हे आणि बिलाच्याहि. टाकीची कळ साठांच्या आसपास ठेवावी. त्याहून फार कमी ठेवून कोमट पाणी दिवसेंदिवस सांठवूं नये, कारण तशा पाण्यांत रोगजंतु वाढतात. आणि त्याहून अधिक ठेवणें म्हणजे भाजण्यास निमंत्रण. साठ अंशांचें पाणीहि कांहीं सेकंदांत कातडी भाजतें. म्हणून बादलींत आधीं थंड व मग ऊन पाणी सोडण्याचा नियम मुलांस लावावा.

तात्पर्य, गांवांतील गृहस्थांस आमचें उत्तर हें : गच्ची आहे, माणसें दहा आहेत, तेव्हां कांचेच्या नळ्यांचा २०० लिटरांचा सौर बंब घ्यावा व त्यास विजेची जोड द्यावी, गॅसचा गीझर घेतलाच तर तो उघड्यावर. परंतु दुकानांत जाण्यापूर्वीं आठ दिवस घरांतील बादल्या मोजाव्या, कोण किती वाजतां स्नान करतें हें लिहून ठेवावें, आणि त्या कागदावर शेवटच्या नांवाकडे विशेष पाहावें. जुन्या घरांतून एक सून पहाटे उठून धुरांत डोळे चोळीत बंब पेटवी, आणि दुसरी सर्वांच्या मागून उरल्या कोमट पाण्यानें चार तांबे अंगावर घेई. हें दोन्ही कोणाच्याच हिशेबांत येत नसे. यंत्र कोणतेंहि घ्या, कितीहि ताऱ्यांचें घ्या. पहाटे कोणास धूर खावा लागत नाहीं, आणि घरांत सर्वांत शेवटीं स्नान करणाऱ्यासहि पुरेसें ऊन पाणी निर्धास्तपणें मिळतें, तर निवड योग्य झाली असें समजावें.